तुम्ही गेम कसा खेळता, यावरून तुमच्या स्वभावाबद्दल काय कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळण्याच्या पद्धतीवरून स्वभाव खरंच ओळखता येतो का?

थोडाफार येतो. २०११ मध्ये गेम खेळणाऱ्यांवर संशोधन करणारा निक यी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या हजाराहून अधिक लोकांच्या स्वभावचाचण्या घेतल्या आणि गेममधल्या त्यांच्या प्रत्यक्ष वागण्याच्या नोंदींशी त्या ताडून पाहिल्या. चाचणी मानसशास्त्रात नेहमी वापरतात तीच होती. नावीन्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, सलोख्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता असे पाच गुण ती मोजते. बहिर्मुख माणसं गटाने करायच्या मोहिमांत जास्त दिसली. सलोखा जपणारी माणसं दुसऱ्या पात्राला मिठी मारणं, दाद देणं असे हावभाव जास्त वापरत होती. ज्यांच्यात हा गुण कमी होता, ती इतर खेळाडूंशी लढण्यात जास्त रमत होती.

पण हे संबंध सौम्य होते. हजार माणसं एकत्र पाहिली की कल दिसतो, समोरच्या एका माणसाबद्दल त्यावरून खात्रीने काही सांगता येत नाही. इतकी वर्षं खेळून आणि या विषयावर वाचून माझं मत असं झालंय की, खेळण्याच्या पद्धतीतून स्वभावापेक्षा गरज जास्त स्पष्ट दिसते. सध्या तुम्हाला कशाची ओढ आहे, कशाची भीती आहे, कुठे मोकळं व्हावंसं वाटतं, हे तिथे उघडं पडतं. पुढची सगळी उत्तरं याच नजरेने लिहिली आहेत.

खेळणाऱ्यांचे चार प्रकार असतात म्हणतात. ते कुठून आले?

रिचर्ड बार्टल या ब्रिटिश गेम-रचनाकाराकडून. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने 'मड' नावाचा गेम लिहायला घेतला आणि बार्टल त्याला येऊन मिळाला. गेममध्ये चित्रं नव्हती, नुसता मजकूर होता, पण एकाच जगात एकाच वेळी अनेकजण वावरू शकत होते. आजच्या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम्सचा वंश तिथे सुरू होतो. पुढे १९८९-९० मध्ये या गेमच्या मुरलेल्या खेळाडूंत एक लांबलचक वाद रंगला: लोकांना यातून नेमकं हवं तरी काय असतं? त्या वादातली मतं बार्टलने नीट लावून पाहिली तेव्हा चार गट पडले. १९९६ मध्ये त्याने ते लेखातून मांडले आणि प्रत्येकाला पत्त्यांतला एक रंग दिला.

चौकट म्हणजे कमावणारे. गुण, लेव्हल, खजिना यात त्यांचा जीव असतो. इस्पिक म्हणजे धुंडाळणारे, ज्यांना जग कसं चालतं आणि कुठे काय दडलंय हे जाणून घ्यायचं असतं. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. गेम हे त्यांच्यासाठी गप्पांचं निमित्त. आणि किलवर म्हणजे दुसऱ्या खेळाडूवर कुरघोडी करण्यात ज्यांना मजा येते ते.

मला या लेखातला सगळ्यांत मोलाचा भाग वेगळाच वाटतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. हे चार गट एकमेकांवर कसा परिणाम करतात, याचं बार्टलने बारकाईने वर्णन केलंय. कुरघोडी करणारे वाढले की माणसांसाठी येणारे गेम सोडून जातात. ते गेले की उरलेल्यांनाही जग ओसाड वाटायला लागतं. ही मांडणी गेम चालवणाऱ्यांसाठी होती, वस्ती टिकवायची कशी हे कळावं म्हणून. माणसांवर कायमचा शिक्का मारण्यासाठी ती केलेलीच नव्हती.

मग मी त्या चारांपैकी कोणता?

बहुधा एकापेक्षा जास्त. बार्टलच्या नावाने जी प्रसिद्ध ऑनलाइन चाचणी आहे, ती बार्टलने बनवलेली नाही. त्याच्या लेखावरून नंतर इतरांनी ती तयार केली. त्यात दर प्रश्नाला दोनपैकी एक पर्याय निवडावा लागतो, त्यामुळे एक गुण वाढला की दुसरा आपोआप घटतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. निक यीने २००६ मध्ये सुमारे ३,००० खेळाडूंच्या उत्तरांवरून दाखवलं की खेळण्यामागच्या प्रेरणा तीन मोठ्या गटांत पडतात: यश, माणसं आणि त्या जगात बुडून जाणं. यातली एक जास्त असली म्हणून दुसरी कमी असेल असं नाही. रँक वाढवण्यासाठी जीव टाकणारी मुलगी मॅच संपल्यावर तासभर व्हॉइस चॅटवर गप्पा मारत बसते, आणि तिच्या दोन्ही आवडी तितक्याच खऱ्या असतात.

मुख्य मिशन पडून राहतं आणि मी नकाशाचा कोपरा न् कोपरा पालथा घालतो. म्हणजे मी जिज्ञासू आहे ना?

असाल, पण इथे दोन अगदी वेगळी माणसं बाहेरून सारखीच दिसतात. एकाला डोंगरापलीकडे काय आहे ते बघायचं असतं. दुसऱ्याला नकाशावर एकही खूण शिल्लक राहिलेली चालत नाही. दोघंही साइड क्वेस्टमागून साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरच्या छोट्या मोहिमा, करतात, दोघंही प्रत्येक गुहेत शिरतात. पहिल्यामागे नावीन्याची ओढ असते, तर दुसऱ्यामागे काम पुरं करण्याची शिस्त, आणि कधीकधी अपुरेपणाची बोचणी.

फरक ओळखायचा असेल तर स्वतःला विचारा: टक्केवारी, ट्रॉफ्या आणि नकाशावरच्या खुणा गेमने बंद केल्या, तरी मी त्या गुहेत जाईन का? २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत अचिव्हमेंट्स आल्या, २००८ मध्ये प्लेस्टेशनवर ट्रॉफ्या आल्या, आणि तेव्हापासून हा प्रश्न जास्तच गुंतागुंतीचा झालाय. आधी जे कुतूहलापोटी व्हायचं, त्याला आता गुण मिळतात. 'माइनक्राफ्ट'मध्ये उद्दिष्टांचा रेटा फारसा नसतो, म्हणून असल्या गेममध्ये माणूस काय करतो ते बघणं मला जास्त बोलकं वाटतं. कुणी बांधत सुटतं, कुणी खणत खोल जातं, कुणी जनावरांना कुंपण घालून शेती लावतं, तर कुणाला "आता करायचं काय?" असा प्रश्न पडतो आणि ते गेम बंद करतं. या चौथ्या माणसात काही कमी नसतं. त्याला समोर ठरलेलं ध्येय असलं की काम सुचतं, इतकंच.

शेवटच्या बॉसपर्यंत, म्हणजे सर्वांत बलाढ्य शत्रूपर्यंत, मी गेममधलं एकही भारी औषध वापरत नाही, आणि शेवटी सगळी तशीच उरतात. मी कंजूष आहे का?

ही सवय इतकी सर्रास आहे की तिच्यावरून एकट्यादुकट्याचा स्वभाव काढणंच चूक ठरेल. १९७९ मध्ये डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा नुकसान आपल्याला जास्त लागतं. औषध वापरलं की ते गेलं, हे नुकसान लगेच दिसतं. त्याने वाचलेला वेळ आणि टळलेला मनस्ताप मात्र दिसत नाही. त्यात पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नसतं, त्यामुळे प्रत्येक लढाईला "याहून वाईट प्रसंग येईल" हे उत्तर तयार असतं.

तरीही यात एक व्यक्तिगत छटा आहे. काहीजण मोजून वापरतात: एवढी औषधं आहेत, तीन मोठ्या लढाया असतील, दर लढाईला दोन. हे नियोजन झालं. काहीजण लढाई हरतात, तीच लढाई पाच वेळा पुन्हा खेळतात, पण पिशवीला हात लावत नाहीत. तसं होत असेल तर बाहेरच्या आयुष्यातही बघा. नवा कपडा घडीतच राहतो का, साठलेली सुट्टी वाया जाते का, मदत मागायला जिवावर येतं का? मला या सवयीबद्दल आस्था वाटते, कारण तिच्या मुळाशी बहुतेकदा उद्याची काळजी असते. पुढच्या गेममध्ये एक प्रयोग करून पाहा. मिळालेलं औषध त्याच लढाईत वापरायचं असं ठरवा आणि किती अस्वस्थ वाटतं ते बघा. जितकं अस्वस्थ वाटेल, तितकी ती काळजी खोल आहे.

मी नेहमी हीलर किंवा सपोर्टच घेते, म्हणजे साथीदारांना बरं करणारी, मदत करणारी भूमिका. मी स्वतःला मागे ठेवणारी आहे का?

तसंच असेल असं नाही. ही भूमिका घेण्यामागे निदान तीन वेगळी कारणं मला दिसतात. काहींना दुसऱ्याला सावरण्यात मनापासून समाधान मिळतं. काहींना मॅचवर नियंत्रण हवं असतं. कोण जगणार आणि कोण पडणार हे हीलर ठरवतो, आणि सगळं मैदान त्यालाच सर्वांत चांगलं दिसतं. आणि काहींना नेमबाजी जमत नाही म्हणून ओरडा बसण्याची भीती असते, म्हणून ते पुढे यायचं टाळतात.

तिसरं कारण तुमचं असेल, तर एकदा अनोळखी नावाने, हरलं तरी चालेल अशा साध्या मॅचमध्ये दुसरी भूमिका घेऊन बघा. मजा आली तर तुम्ही इतके दिवस आवडीने सपोर्ट खेळत नव्हता, घाबरून खेळत होता. आणि परत हीलरकडेच यावंसं वाटलं तर निःशंक या.

मी एका जागी दबा धरून बसतो. मित्र 'कॅम्पर' म्हणून चिडवतात. मी भित्रा आहे का?

नाही. थांबून, अंदाज घेऊन खेळणं ही रणनीती आहे, आणि शेवटपर्यंत जिवंत राहणाऱ्यालाच जिंकवणारे बॅटल रॉयल गेम तिला बक्षीसही देतात. रश करणारे, म्हणजे थेट शत्रूवर धावून जाणारे, सगळे धाडसी असतात असंही नाही. कित्येकांना वाट बघण्याचा ताण सोसत नाही म्हणून ते धाव घेतात.

गेममध्येसुद्धा मला वाईट वागता येत नाही. पात्रं खोटी आहेत हे ठाऊक असूनही वाईट वाटतं. हे विचित्र आहे का?

मुळीच नाही, बहुसंख्य माणसं तुमच्यासारखीच आहेत. 'मास इफेक्ट' या गेम-मालिकेत सज्जन आणि निष्ठुर असे दोन्ही मार्ग दिलेले आहेत. ती घडवणाऱ्या चमूतल्या एकाने २०२० मध्ये सांगितलं होतं की साधारण ९२ टक्के खेळाडू सज्जनपणाचा मार्ग धरत, आणि निष्ठुर मार्गावर चमूने बरीच मेहनत घेतलेली होती.

असं का होतं, याचं एक चांगलं उत्तर २०१२ मध्ये अँड्र्यू प्रिझबिल्स्की हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिलं. आपल्याला जसं व्हावंसं वाटतं तसं होऊ देणारे गेम आपल्याला जास्त ओढून घेतात, आणि आज आपण जसे आहोत आणि जसे व्हायला हवं असं वाटतं यात ज्यांच्या बाबतीत अंतर जास्त, त्यांच्यावर ही ओढ जास्त असते. मला हे फार हृद्य वाटतं. रोजच्या आयुष्यात तोंड न उघडणारा माणूस गेममध्ये अन्याय झालेल्या पात्राची बाजू घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याला खरं कसं वागायचंय ते कळतं.

उलट, मुद्दाम वाईट मार्ग घेणाऱ्यांनाही दोष देऊ नये. बरेचजण आधी चांगला शेवट बघतात आणि दुसऱ्या फेरीत "असं केलं तर काय होईल?" म्हणून वाईट मार्गाने जातात. हा धुंडाळणाऱ्यांचा स्वभाव झाला.

मी गोळीबाराचे गेम खूप आक्रमकपणे खेळतो. म्हणजे मी मुळात हिंसक आहे का?

गेममधली आक्रमकता आणि माणसाला इजा करण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रिझबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी १४-१५ वर्षांच्या हजारावर ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. हिंसक गेम खेळण्यात गेलेला वेळ आणि पालकांनी नोंदवलेलं मुलांचं आक्रमक वागणं यांच्यात त्यांना संबंध सापडला नाही.

माझ्या मते बघायचं ते वेगळीकडे. समोरच्याला नियमात राहून हरवणं हा खेळ आहे. पडलेल्या नवख्याला चॅटवर शिव्या देणं, त्याच्या आवाजावरून, लिंगावरून, भाषेवरून त्याला हिणवणं, हे खऱ्या माणसाशी केलेलं खरं वागणं आहे. तिथे "गेमच तर आहे" ही सबब चालत नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये मांडलं होतं की नाव झाकलेलं असलं आणि समोरचा चेहरा दिसत नसला की माणसाचा संयम सुटतो. ते समजून घ्यावं, पण त्याने ऐकणाऱ्याला झालेली जखम कमी होत नाही. एखाद्या खेळाडूबद्दल मला एकच गोष्ट विचारायची मुभा असेल, तर तो किती जणांना मारतो हे मी विचारणार नाही. नवख्या टीममेटशी कसं बोलतो ते विचारेन.

हरलो की मी मॅच अर्धवट सोडतो, कधी कंट्रोलर आपटतो. यावरून काय समजायचं?

माझ्या दृष्टीने हाच या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. जिंकताना जवळपास सगळेच छान वागतात. हरल्यावर पहिल्या दहा सेकंदांत तोंडून काय निघतं, त्यातून बरंच कळतं.

"टीमच बेकार होती." "लॅग होता." "त्याचं नशीब." "माझं टायमिंग चुकलं." "लाव पुन्हा." ही वाक्यं ऐकायला किरकोळ वाटतात, पण प्रत्येकात हरण्याचं कारण वेगळ्या ठिकाणी ठेवलेलं आहे. ज्युलियन रॉटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसांमधला हाच फरक मांडला: काहींना घडणाऱ्या गोष्टींची सूत्रं स्वतःच्या हाती आहेत असं वाटतं, काहींना ती बाहेर, नशिबाच्या किंवा इतरांच्या हाती वाटतात. खरोखर लॅग असू शकतो, म्हणजे इंटरनेट अडखळून गेम मागे पडू शकतो, टीम खरोखर वाईट खेळलेली असू शकते. पण दर मॅचला कारण बाहेरच सापडत असेल, तर सुधारायला जागा उरत नाही. आणि दर वेळी "मीच नालायक" असं निघत असेल तर तेही तितकंच काळजीचं. कारण चुकलेल्या एका टायमिंगवरून स्वतःच्या लायकीपर्यंत उडी मारलेली असते.

'डार्क सोल्स'सारखे गेम इथे चांगला आरसा आहेत. २०११ मध्ये आलेल्या या गेममध्ये मरण वारंवार येतं, आणि मेल्यावर साठवलेले सोल्स (गेममधली कमाई) जिथे पडले तिथे परत जाऊन उचलावे लागतात. वाटेत पुन्हा मेलात तर ते कायमचे गेले. काहीजण तडक तिथेच धावतात आणि पुन्हा मरतात. काही थांबतात, मागच्या वेळी तलवार कुठून आली ते आठवतात. काही तासाभरासाठी गेम बंद करतात आणि मग येतात. हे तिसरे लोक पळपुटे वाटतात, पण स्वतःचा पारा ओळखून थांबणं ही मोठी समज आहे.

कंट्रोलर आपटण्याबद्दल: थकलेलं, उपाशी किंवा रात्री उशिरापर्यंत जागं असताना हे जास्त होतं का ते बघा. तसं असेल तर तो थकवा आहे आणि त्यावर झोप हा उपाय आहे. ताजंतवानं असतानाही, साध्या मॅचमध्येही राग असाच उफाळत असेल, आणि घरात, कामावरही तेच होत असेल, तर रागाबद्दल समुपदेशकाशी बोलणं उपयोगाचं ठरेल.

मी पुरुष असून स्त्री पात्र घेऊन खेळतो. त्याचा काही अर्थ असतो का?

यीच्या सर्वेक्षणांत असं करणारे पुरुष, पुरुष पात्र घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा बरेच जास्त होते. बहुतेकांचं कारण साधं असतं: तासन् तास ज्या पात्राकडे बघायचं ते दिसायला आवडावं. काहींसाठी ते स्वतःला चाचपून बघण्याची सुरक्षित जागाही असते.

याहून रंजक गोष्ट उलट्या दिशेची आहे. पात्रही आपल्याला बदलतं. २००७ मध्ये यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी काही लोकांना आभासी जगात उंच, काहींना ठेंगणी शरीरं दिली आणि पैशांच्या वाटणीवर घासाघीस करायला लावली. उंच शरीर मिळालेल्यांनी जास्त ठामपणे सौदा केला. म्हणजे धिप्पाड योद्धा घेतल्यावर तुम्ही धीट खेळत असाल, तर त्यातला काही धीटपणा त्या शरीराने तुम्हाला उसना दिलेला असतो.

मी ईझीवरच, म्हणजे सर्वांत सोप्या पातळीवरच खेळतो. मी आळशी आहे का?

नाही. तुम्हाला गोष्ट हवी आहे, किंवा दिवसभर डोकं शिणल्यावर विसावा हवा आहे. दोन्ही योग्य कारणं आहेत.

एका गेममध्ये मी शांत आणि दुसऱ्यात वेडापिसा असतो. मग खरा मी कोणता?

दोन्ही. १९६८ मध्ये वॉल्टर मिशेलने मानसशास्त्रात खळबळ उडवली, ती याच मुद्द्यावर. स्वभावचाचणीचे गुण आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध क्वचितच ०.३ च्या पुढे जातो (पूर्ण जुळणी म्हणजे १), असं त्याने दाखवलं. प्रसंगही माणसाला वागवतो. शेतीचा शांत गेम आणि पाच विरुद्ध पाचची रँक मॅच हे दोन वेगळे प्रसंग आहेत. म्हणून एका गेमवरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार अगदी वेगळ्या जातींच्या गेम्समध्ये जी सवय तशीच टिकते, तिला तुमची म्हणा.

वयाबरोबर पद्धत बदलते का?

हो. यी आणि निकोलस ड्युशेनो यांच्या क्वांटिक फाउंड्री या संस्थेने वेगवेगळ्या वयाच्या खेळाडूंची तुलना केली, तेव्हा वय जास्त तशी चुरशीची ओढ सर्वांत जास्त घटलेली दिसली, तर डावपेच आखण्याची आवड बरीच टिकून होती. तिशी-चाळिशीत रँक मॅचचा कंटाळा यायला लागला तर त्यात वावगं काहीच नाही.

"तुम्ही कोणते गेमर?" अशा चाचण्यांवर विश्वास ठेवावा का?

करमणूक म्हणून घ्याव्यात. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना तेच दिलेलं होतं. "तुम्ही बाहेरून शांत पण आत जिद्दी आहात" हे वाक्य हीलरलाही पटतं आणि कॅम्परलाही. निकालातलं एखादं वाक्य तुमच्या मित्राला लागू पडणार नाही असं असेल, तरच त्याला काही अर्थ आहे.

माझं मूल कसं खेळतं यावरून पालक म्हणून मला काय कळेल?

शेजारी बसून पाहिलंत तर खूप कळेल. "किती वेळ झाला?" याऐवजी "हे का केलंस?" असं विचारा. मूल एकटं बांधत बसतं की मित्रांना बोलावतं, हरल्यावर कुणाला दोष देतं, नियम मोडणाऱ्या मित्राला काय म्हणतं, हे ऐका. मुलं गेमबद्दल जितकं मोकळेपणाने बोलतात तितकं शाळेबद्दल क्वचितच बोलतात.

वेळेची काळजी वाटत असेल तर नुसते तास मोजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात गेमिंग विकाराचा समावेश आहे. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व येणं, आणि नुकसान होत असूनही खेळणं चालू राहणं. हे साधारण १२ महिने दिसत असेल आणि शाळा, झोप, नाती कोलमडत असतील तर डॉक्टरांना भेटा. शनिवारी दिवसभर खेळणारं पण बाकी सगळं नीट चाललेलं मूल या व्याख्येत बसत नाही.

आम्हा दोघांच्या पद्धती अजिबात जुळत नाहीत. तो पळत सुटतो, मला प्रत्येक पेटी उघडायची असते. एकत्र खेळावं का?

जरूर खेळा, पण वेग कुणाचा ते सुरू करण्याआधी ठरवा. एक दिवस तुमचा, तेव्हा त्याने दारात थांबायचं. एक दिवस त्याचा, तेव्हा पेट्या राहिल्या तर राहू द्यायच्या. किंवा असा गेम निवडा जिथे दोघांची गरज वेगळी आहे: एकाने पुढे जाऊन शत्रू अडवायचा, दुसऱ्याने मागे राहून सामान गोळा करायचं. तो दारात थांबताना चिडचिड करतो का आणि पेटी सोडताना तुम्हाला किती जड जातं, हे दोघांनी खेळ झाल्यावर एकमेकांना सांगा.